उंबऱ्यावरचा ठोका

“ताई, हा पाय विणलेल्या कार्बनधाग्यांचा. हलक्या ठोक्यांनी आतले थर सुटतात, वर ओरखडाही दिसत नाही. वाजवून बघा, आवाज बद्द आला की घालू देऊ नका,” कृत्रिम पाय बसवणारा म्हणाला, तेव्हा मी नुसती हसले. माझे फौजी सासरे रोज तो पाय उंबऱ्यावर आपटून नातवाला विचारायचे, “वाजला का रं?” मल्हार ओरडायचा, “टण्!” आज तो म्हणाला, “आबा, टण् न्हाई झालं.” “आरं, थंडीनं त्याचाबी घसा बसलाय!” म्हणत त्याला खांद्यावर घेऊन आबा पाल गावच्या यात्रेला गेले. भाकरी थापता थापता पाय बसवणाऱ्याचं ते बोलणं मला आत्ता उमगलं. फोन लावला, तर आबांचा फोन इथंच घरी उशाशी वाजतोय. तुम्ही पालच्या गर्दीत असाल, तर आबा कितीही ताठ चालत असले तरी खांद्यावरचं पोर आधी उतरवा, आणि तो पाय एकदा वाजवून बघा.