एकसष्ट हजार किलोमीटर

नम्रताने गाडीखाली टॉर्च मारला आणि तिचं टाळकंच सरकलं.

मीटरवर एकसष्ट हजार. टायर मात्र नवे कोरे, आणि तेही गाडीबरोबर आलेले पहिलेच. ब्रेकच्या पेडलचं रबर करकरीत, अॅक्सिलरेटरचं झिजून पार गुळगुळीत. जुन्या गाड्या तपासायच्या नोकरीत मीटर मागे फिरवणारे तिने ढिगाने पाहिले होते. पुढे फिरवणारा हा पहिलाच.

"काका, मीटरला हात लावलाय."

"नाही हो," वैजनाथकाका म्हणाले. "एकेक किलोमीटर गाडीनेच केलाय."

धायरीतल्या त्या पार्किंगमध्ये शेजारीच खुर्चीवर गोदाबाई बसल्या होत्या. आठ वर्षांपूर्वी शुगरमुळे त्यांची दृष्टी गेली आणि त्याच महिन्यात काकांनी ही गाडी घेतली. आता मुलगी दोघांना नाशिकला नेणार, म्हणून विकायची. गोदाबाई कौतुकाने सांगत होत्या, की हे रोज संध्याकाळी फिरवून आणतात. आज खडकवासला, उद्या पानशेतचा रस्ता. वाटेत काय काय दिसतं तेही सगळं सांगतात. पाणी किती चढलंय, कणसंवाल्याकडे गर्दी किती.

नम्रता 'मीटरमध्ये फेरफार' असं लिहिणार, तेवढ्यात काकांनी तिला भिंतीपाशी बोलावलं. तिथे दोन जाडजूड लाकडी ठोकळे पडले होते. गाडीच्या वजनाने वर खळगे पडलेले. तिने ते पायाने बाजूला सारले.

"रिपोर्टमध्ये काय हवं ते लिहा," काका हळूच म्हणाले. "गाडी भंगारात गेली तरी चालेल. फक्त हिच्यासमोर मीटरचं काढू नका."

म्हणजे चोरी करायची आणि वर बायकोसमोर साव व्हायचं. नम्रताने किल्ली त्यांच्यापुढे धरली. "चला, एक चक्कर मारा. मी शेजारी बसते."

काकांनी किल्ली तिच्याकडेच परत सारली. मग तिला जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाले, "तुम्हीच चालवा. मला येत नाही."

नम्रताने स्टिअरिंगकडचं दार उघडलं. तोवर गोदाबाई चाचपडत पुढच्या सीटवर जाऊन बसल्याही होत्या. शेवटची चक्कर आहे, मी येणारच, म्हणाल्या. काका मागे बसले, पडेल चेहऱ्याने.

गाडी गेटबाहेर पडली. कोपऱ्यावर चाक धाडकन खड्ड्यात गेलं. नम्रताने गडबडून सॉरी म्हटलं.

गोदाबाई मात्र हसल्या. हात मागे नेऊन त्यांनी नवऱ्याचा हात शोधला.

"अहो, आठ वर्षं त्या ठोकळ्यांवर जागच्या जागी फिरवलंत मला," त्या म्हणाल्या, "पण एक खड्डा म्हणून लागू दिला नाहीत."