आदर्श उत्तर

"हिला नापास करणाऱ्याला इतिहास कळतो तरी का?" नववीचा इतिहासाचा प्रावीण्यवर्ग शिकवणाऱ्या शेवडे सरांनी आठवीतल्या हर्षलाची त्या वर्गाच्या प्रवेशपरीक्षेची उत्तरपत्रिका मुख्याध्यापिकांच्या टेबलावर आपटली.

अठराशे सत्तावनचा उठाव का फसला, असा प्रश्न होता. हर्षलाने लिहिले होते, 'कारणे सांगितली ती जिंकलेल्या इंग्रजांनी. हरलेल्या शिपायांना कोणी विचारले?' शेजारी लाल शून्य होते आणि त्या एका शून्यापायी तिचा प्रवेश हुकला होता.

"पोरीने डोके चालवले, हाच तिचा गुन्हा! बोलवा त्या परीक्षकाला."

"त्या नव्या आहेत, सर. त्यांनी आदर्श उत्तर समोर ठेवून तपासले."

"कोणत्या गाढवाने लिहिले ते?"

बाईंनी खणातून जुनी झेरॉक्स काढली. पाच कारणे, प्रत्येकाखाली पट्टीने ओढलेली रेघ आणि तळाशी तंबी: 'याखेरीज काही लिहिल्यास शून्य.' ते टपोरे अक्षर सरांनी तत्क्षणी ओळखले. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच ते उत्तर शाळेला लिहून दिले होते.

"लाल पेन द्या!" ते कडाडले. हर्षलाचे शून्य त्यांनी खोडले आणि आपल्या पाच कारणांवर तितक्याच त्वेषाने दुसरे काढले.