आता एकही स्पर्धा नाही

फ्लावियाने इमारतीचं पुठ्ठ्याचं मॉडेल उचललं तशी त्याच्या अंगणातली झाडं गळून टेबलावर पडली.

"फेक," नेवियो म्हणाला. "नुसती बघत काय बसलीस?"

रानबडीशेपेच्या वाळक्या तुऱ्यांची झाडं होती ती. दोघांनी मिळून ऑफिस थाटलं तेव्हापासून नेवियो दर शरदात अंकोना शहराबाहेरच्या टेकडीवरून तुरे तोडून आणायचा आणि प्रत्येक मॉडेलमध्ये स्वतःच्या हाताने रोवायचा. बाकीचे आर्किटेक्ट तारेची नाहीतर विकतची झाडं लावायचे. "झाडं झाली, आता मधोमध एक भाजलेलं डुक्कर ठेव," असं फ्लाविया त्याला चिडवायची, कारण तिकडे डुक्कर भाजताना त्यात हीच बडीशेप भरतात.

आज तिला चिडवावंसं वाटलं नाही. तिने मॉडेल पोत्यात टाकलं. महिनाअखेर ऑफिसला कुलूप लागणार होतं आणि दारावरची दोघांच्या आडनावांची पाटी उतरणार होती.

त्या वसंतात ते आणखी एक स्पर्धा हरले होते. निकाल कळला त्या दिवशी फ्लाविया टेबलापाशीच चक्कर येऊन पडली. दवाखान्यातून घरी सोडताना नेवियोने गाडी मध्येच बाजूला घेतली.

"आता एकही स्पर्धा नाही. जीव जाईल तुझा. शपथ घे."

"तूही घे मग."

दोघांनी घेतली. त्यानंतर नेवियो चुलतभावाच्या टाइल्सच्या दुकानात लागला. ज्या माणसाने आखलेला जिना चढताना म्हाताऱ्यांनाही दम लागत नसे, तो आता गिऱ्हाइकांना न्हाणीघराच्या फरश्या दाखवत होता. बायका त्याला विचारायच्या, ह्यावर डाग दिसतो का हो? फ्लावियाचा जीव तुटायचा. तिचं स्वतःचं काय व्हायचं ते होवो, पण नेवियोला त्या दुकानात म्हातारं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिच्या मनाने धरलं होतं.

म्हणून तिने शपथ मोडली.

भूकंपात पडलेल्या डोंगरातल्या एका गावाला नवी शाळा बांधायची होती. स्पर्धा जाहीर झाली आणि फ्लाविया दर रविवारी बहिणीकडे येसी गावी जाऊ लागली. बहिणीच्या गॅरेजमध्ये, जुन्या सायकलींच्या गर्दीत, ती ओणवी होऊन पुठ्ठे कापायची. डोळ्यांपुढे अंधारी आली की जमिनीवर बसायची, पाणी प्यायची, पुन्हा उठायची.

नियम तिला पाठ होते. कोणाचं काम आहे हे परीक्षकांना कळता कामा नये. नाव बंद पाकिटात वेगळं द्यायचं. आणि एकच नाव दोन प्रवेशिकांत सापडलं तर दोन्ही बाद. लबाड लोक दोनदोन मॉडेलं पाठवून नशीब आजमावायचे, त्यांच्यासाठी केलेला नियम होता तो. आपला त्याच्याशी काय संबंध, म्हणून फ्लावियाने तो भरभर वाचून सोडून दिला. झाडं मात्र तिने मुद्दाम तारेची केली, कोणी हात ओळखू नये म्हणून.

पाकिटात तिने दोघांची नावं लिहिली. नेवियोचं आधी.

ऑफिस आवरायला नेवियो दुकानातून परस्पर यायचा. एकदा फ्लावियाचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. त्यांवर पांढरट पापुद्रे धरले होते.

"हे काय?"

"टाइलचा गोंद. जाता जात नाही." त्याने हात खिशात घातले. "बहीण कशी आहे?"

"बरी आहे. गॅरेज आवरून देतेय तिचं."

"अजून? गॅरेज आहे का गोदाम?"

"तू तुझ्या फरश्या विक ना."

तो हसला. त्याचे डोळे लाल होते. रात्री झोप लागत नसावी, असं फ्लावियाला वाटलं, आणि ह्याला सगळं सांगून टाकावं असंही वाटलं. पण हरलो तर? पुन्हा तेच त्याच्या वाट्याला नको. ती त्याच्याबरोबर खाली उतरली.

त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर बडीशेपेच्या तुऱ्यांची जुडी पडली होती.

"आईला हवेत," नेवियो घाईने म्हणाला. "ऑलिव्ह खारवायला."

फ्लावियाने एक तुरा काढून नाकाशी धरला. ज्यांची झाडं व्हायची ते तुरे आता बरणीत जाणार. तिला रडू आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून ती निघून गेली.

निकालाच्या दिवशी तिने त्याला दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं. सभागृह भरलेलं होतं. निवडलेली मॉडेलं पांढऱ्या कापडांखाली झाकून ठेवली होती. फ्लाविया मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष बाई म्हणाल्या, "पहिला क्रमांक." त्यांनी कापड उचललं.

तारेची झाडं.

बाईंनी पाकीट फोडलं आणि दोन नावं वाचली. नेवियोचं आधी. टाळ्या सुरू झाल्या. फ्लाविया रडत होती, हसत होती, शेजारच्या अनोळखी माणसाचा हात दाबत होती. ऑफिस वाचलं होतं. नेवियो सुटला होता. तिने त्याला फोन लावला.

फोन त्याच सभागृहात वाजला.

नेवियो पलीकडच्या खांबापाशी उभा होता. दुकानात असायच्या वेळी हा इथे कसा, ह्याचं तिला आधी नुसतं कौतुक वाटलं. कळलं म्हणजे ह्याला, आला माझ्यासाठी. तिने हात हलवला. त्याने हलवला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो तिच्याकडे पाहून सावकाश मान हलवत होता, नाही, नाही.

"दुसरा क्रमांक," म्हणत बाईंनी पुढचं पाकीट हातात घेतलं आणि शेजारच्या मॉडेलवरचं कापड ओढलं.

त्या शाळेच्या अंगणात बडीशेपेची झाडं होती.