कोंडलेला श्वास

वर उजेड दिसला आणि रामहरीने श्वास कोंडला.

दहा फूट पाणी उरलं होतं. आपण श्वास कोंडलाय हे त्याला कळलंही नाही. कळलं ते पंकजाला. तिने बापाच्या जाकिटाला हात घातला, त्याला जागच्या जागी थोपवलं आणि छातीवर दोन बोटांनी टकटक केली. सोड. त्याने सोडला. बुडबुडे भडाभडा वर गेले आणि त्यांच्या मागून बापलेक.

काष्टीच्या शिवारातल्या त्या विहिरीच्या काठावर निम्मं गाव बसलं होतं. तालुक्याच्या बचाव पथकासाठी पाण्याखालची परीक्षा चालली होती. सातही पोरं पास झाली होती. आठवा रामहरी.

तीस वर्षं या भागात कुणाची मोटर विहिरीत पडली, की रामहरी. कुणाचं लेकरू पडलं, तरी रामहरीच. कमरेला दोर आणि छातीत एक श्वास, एवढंच त्याचं सामान. मोटरी धड वर यायच्या. लेकरं वर यायची तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असायचा. त्या दिवशी रामहरी जेवायचा नाही. आता नवा नियम आला होता. दाखला नसेल त्याने पथकाबरोबर पाण्यात उतरायचं नाही.

पंकजाला बुडी मारायला त्यानेच शिकवलं, याच विहिरीत. पुढे ती मालवणला गेली. पाठीला टाकी बांधून समुद्रात उतरायला शिकली. मग अंदमानात प्रशिक्षक झाली. आता तर पाठीला दोन-दोन टाक्या लावून जिथे ऊन पोहोचत नाही तिथे उतरायचं शिक्षण ती मोठमोठ्या जाणत्यांना देत होती. पथकातली पोरं तिला मॅडम म्हणत. रामहरी मात्र चारचौघांतही 'पंके' अशीच हाक मारी.

पहिल्याच दिवशी तिने त्याला समजावलं होतं. "आप्पा, आजवर तुमी वरची हवा घिऊन खाली जात हुता. ही टाकीतली हाय, खाली पाण्याच्या दाबात घेतलेली. वर येताना ती फुगती. कोंडून धरली तर फुप्फुस फाटतं. कीर्तनात टाळ घिऊन हुबं राहिल्यावर लांब सूर लावता ना, तसा 'आ' लावायचा. पार वरपर्यंत. सूर तुटला न्हाई पायजे."

सूर लावण्यात रामहरी कुणाला हार जाणारा नव्हता. तळापासून त्याने असा 'आ' लावला, की बुडबुड्यांची माळ अखंड वर येत राहिली आणि काठावरच्या पोरांनी माना डोलावल्या. पण उजेड दिसला, आणि तीस वर्षांची सवय आडवी आली.

पंकजाने डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवला. "नापास," ती म्हणाली.

रामहरी पायरीवर बसून राहिला. यादी संध्याकाळी तहसीलला जाणार होती. तिच्यात त्याचं नाव नसणार होतं. पुढची तुकडी आता थेट उन्हाळ्यात.

वाल्मिकला राहवलं नाही. विहीर त्याचीच. शिवाय आदल्या दिवशी सप्ताहात त्याच्या पोराने, अमृतने, कीर्तनात सगळं गाव डोलवलं होतं, तेव्हापासून त्याची मान जरा ताठच होती. "रामहरी, पोरीनं बापालाच पाडलं की रं. आन् मॅडम, घ्या की सांभाळून. दहा फुटाचाच तर सवाल हाय. घरातलं मानूस हाय."

"काका, वरचे दहा फूटच जीव घेत्यात," पंकजा म्हणाली.

काठावर कुजबुज झाली. रामहरी उठला. हा आता टाकी फेकून घरची वाट धरणार, असंच सगळ्यांना वाटलं. त्याने टाकी उतरवली, कठड्याला टेकवून नीट ठेवली, ओले हात टॉवेलला पुसले. आणि वाकून पंकजाच्या पायांना हात लावला.

"आप्पा, काय करताय?" ती चटकन मागे सरली.

रामहरी वाल्मिककडे वळला. "काल कीर्तन झाल्यावर अमृतच्या पाया पडलास. पोटचा पोरगा ना तुजा?"

"आरं, पन तवा त्यो नारदाच्या गादीवर हुता."

"मंग ही कुटं हुबी हाय?"

वाल्मिकने पंकजाच्या पायांखालच्या ओल्या पायरीकडे पाहिलं. डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली.

"बापाची भीड धरली न्हाई तिनं," रामहरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हिच्या हाताखालची पोरं लेकरू जितं वर आनत्याल." मग तो लेकीसमोर दोन्ही हात जोडून उभा राहिला.

"उन्हाळ्यातल्या तुकडीत माजं नाव पहिलं लिवा, मॅडम."