रगड्याची जागा

स्वयंपाकघराच्या फरशीत परातीएवढं भोक पडलं होतं. हरिणी काठाशी गुडघ्यांवर बसली. खालची खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. मिटलेल्या खिडक्या, संथ फिरणारा पंखा, निळी चादर. कामासाठी टांगलेल्या दिव्याचा उजेड भोकातून उतरून पलंगावर गोल पडला होता. त्या गोलात खालच्या मजल्यावरच्या कनकाक्का डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. ढिगारा झाडून त्यांनी पलंग पुन्हा तिथेच सरकवला होता.

कंत्राटदार मुरली दाराशी उभा होता. परवा त्याच्या माणसांनी जमिनीत बसवलेला हरिणीच्या अम्माचा रगडा, इडलीचं पीठ वाटायचा दगड, पहारीने उपटला आणि कनकाक्कांचं छत खाली आलं. त्या तेव्हा देवळात होत्या, म्हणून वाचल्या. मुरलीने इमारतीच्या असोसिएशनला सांगितलं की वरच्या बाईंनीच, म्हणजे अम्माने, पूर्वी स्लॅब खोदून कमजोर केला होता. ते शब्द मागे घेतल्याशिवाय कनकाक्का त्याला घरात येऊ देत नव्हत्या.

"मॅडम, तुम्हीच सांगा त्यांना," मुरली तमिळमध्ये म्हणाला. आजाऱ्याच्या खोलीत बोलावं इतक्या हळू. "चूक तुमच्या आईंची होती, एवढंच. लगेच काम सुरू करतो. माझं नाव गेलं तर या मांबलमच्या वस्तीत मला कोण बोलावणार?"

ते अगदी खोटंही नव्हतं. तंजावरच्या घरी रगडा जमिनीत होता, म्हणून अम्माने या वरच्या मजल्यावरही तो जमिनीतच बसवून घेतला. ओट्यावर तिचा हात चालत नसे. आता अम्मा नव्हती. तिला काय फरक पडणार होता?

"अक्का," हरिणी खाली वाकून दोघींच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "चूक अम्माची होती."

कनकाक्कांनी नजर तिच्याकडे वळवली.

"हे त्याने पढवलं, की तुझं तू म्हणतेस?"

"तुम्ही अशा भोकाखाली झोपता. मला बघवत नाही."

"मग नको बघू." त्या म्हणाल्या, "खोदायच्या आधी ती मला विचारायला आली होती गे. मीच म्हटलं, खोद. इतकी वर्षं वरून चिमूटभर माती पडली नाही. या शहाण्याने एका सकाळीत तुझं स्वयंपाकघर दाखवलं मला."

मुरलीला मराठी कळत नव्हतं. "काय म्हणतात?"

हरिणीने सगळं सांगितलं. शहाण्यासकट.

तो येऊन भोकाशी उकिडवा बसला. तुटलेल्या काठावरून त्याने बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग खाली बघत आजीला हाक मारावी तसं म्हणाला, "पाट्टी, कडेने कापून काढायला हवा होता. मी घाई केली."

"असोसिएशनमध्ये असंच सांगशील?" कनकाक्कांनी तमिळमध्ये विचारलं.

"सांगतो."

"ये मग. दार उघडते."

त्याची पावलं जिन्यावरून उतरत गेली. हरिणी तिथेच बसून राहिली. थोड्या वेळाने खालच्या अंधारात टेप घेतलेला मुरली दिसला. त्याने मान वर केली.

"मॅडम, जरा मागे सरा. तुमची सावली पडतेय."

हरिणीने पाहिलं. निळ्या चादरीवर सावलीची एक बाई वाकून बसली होती, रगड्याशी अम्मा बसायची तशी. हरिणी उठू लागली.

"राहू दे तिला," कनकाक्का मुरलीला म्हणाल्या. "तू आधी कॉफी घे."