गाडीच्या पोटाखालचं अंतर

धम्मदीप गाडीखाली शिरला होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. संघप्रिया एका हाताने पिंकीला छातीशी धरून, दुसऱ्या हातात मोजायचा टेप घेऊन वाकली.

“किती भरलं?” खालून आवाज आला.

“नऊ इंच. दगड आठाचा होता.”

“तुले त्या दगडाची उंची काऊन पाठ हाय?”

सासरी असतानाच कळा सुरू झाल्या, तेव्हा गावाच्या कच्च्या वाटेने चौघांनी तिला खाटेवरून आणलं होतं. अॅम्ब्युलन्स डांबरी सडकेवरच थांबलेली. पुढचा माणूस त्या दगडाला अडखळला आणि ती पडता पडता वाचली.

पुढे इथे ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये पिंकीचं नामकरण झालं. भर पाहुण्यांत संघप्रियाच्या तोंडून निघून गेलं, “बाबा, रस्ता झाल्याबिगर माही पोरगी गावात येनार नाई.” सासरे बापूराव काही बोलले नाहीत. मुक्कामाला आले होते, पण त्याच संध्याकाळी एसटीने परत गेले. दोन महिने झाले, त्यांनी एकदाही फोन उचलला नव्हता. सासूबाई तेवढं सांगायच्या, “घरी नाईत ना, बाई.”

“रस्ता माह्या हातात नाई,” धम्मदीप म्हणाला होता. “गाडी हाय.”

आणि गाडी होती तशीच. नागपूरच्या एका डॉक्टरने वापरलेली, पण नव्यासारखी. उंच, काळीभोर, चारही चाकांत जोर, आत लेदरच्या सीटा. सगळ्या क्वार्टरांत अशी दुसरी नव्हती. तीन रविवार तो तिच्यामागे होता. गुळगुळीत टायर काढून खोल खाचांचे घातले. दारांखालच्या चकचकीत पायऱ्या उतरवल्या, दगडाला लागल्या असत्या म्हणून. इंजिनखाली जाड पत्रा बसवला. मागे ओढायचा पट्टा, फावडं, हवेचा पंप.

संघप्रियाने गाडीसोबतचं जाडजूड पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं. “टायरांची हवा आत्ता काढू नका,” ती म्हणाली. “सडक सोडल्यावर. छत्तीसवरून सव्वीस.”

“बीएस्सीवाली हाय माही बायको,” धम्मदीपने खालूनच शेजारच्या सूरजला ऐकवलं.

सूरज कुंपणाला रेलला होता. “भाऊ, बाबाले भेटाले चालले का बॉर्डरवर?”

“बाबाच्या रागापुढं बॉर्डर बरी!”

संघप्रिया हसली. पण काळ्या पत्र्यात तिला आपलं नि लेकीचं प्रतिबिंब दिसलं, आणि मान जरा ताठच झाली. आता ही वाट माझ्या पोरीचं काय करणार?

रविवारी सकाळी न कळवताच निघाले. कळवलं असतं आणि बाबा नको म्हणाले असते, तर काय करायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पोंभुर्णा मागे पडलं. गावाच्या फाट्याला धम्मदीपने उतरून चारही टायरांची हवा कमी केली, तिने काटा दोनदा तपासला. त्याने गाडीची चाल बदलणारा खटका दगडधोंड्यांच्या खुणेवर फिरवला. तिने पिंकीच्या सीटचे पट्टे ओढून घट्ट केले, तिच्या डोक्यामागे तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

दणका बसला नाही.

तिने डोळे उघडले. पुढे लाल मुरमाची सडक, पाण्यासारखी सपाट. नाल्यावर दगडी रपटा, ठेंगणा पूलच. दगड, खड्डे, कशाचा पत्ता नाही.

“फाटा चुकलो का आपन?”

“माहं गाव हाय, मी चुकीन?” धम्मदीप म्हणाला, पण गाडी मुंगीच्या चालीने हाकत राहिला. मागून हॉर्न वाजला. आठ माणसं कोंबलेला एक ऑटो त्यांना ओलांडून धुरळा उडवत पुढे गेला.

वळणावर बाया घमेली उचलत होत्या, बाप्ये मुरूम पसरत होते. त्यांच्यात गुडघ्यापर्यंत लाल झालेले बापूराव होते. दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या.

संघप्रिया पिंकीला घेऊन उतरली. “जय भीम, बाबा. मी तवा तसं बोलाले नोको होतं...”

बापूरावांनी हात धोतराला पुसले आणि नातीला घेतलं. “खरं तेच बोलली तू. दोन महिने सारं गाव खपून राह्यलं. आज एवढा तुकडा झाला का तुले फोन करनारच होतो.”

मग त्यांची नजर गाडीवर गेली. पुढून मागपर्यंत त्यांनी ती नीट न्याहाळली.

“एवढी मोठी गाडी कायले आनली, बाई? आता तर तू ऑटोनं बी आली असती.”