रुमालाखालचा हात

दुसरं मेणही वाया गेलं.

लाल दिवा विझला. काचेमागून रेकॉर्ड कंपनीचे केसलरसाहेब तणतणत बाहेर आले आणि ज्यावर वाजवणं कोरलं जातं ती मेणाची जाडजूड तबकडी त्यांनी कोपऱ्यातल्या पिंपात टाकली. एकदा सुईने रेघ ओढली की मेण कामातून गेलं. चुकलं ते चुकलं.

"सळसळ! नुसती सळसळ! पियानो कमी आणि कापडच जास्त ऐकू येतंय मला," ते म्हणाले. "ओडेल, तो रुमाल काढ."

ओडेल टॉलिव्हर हलला नाही. उजवा हात मांडीवर. डावा त्या भल्यामोठ्या निळ्या रुमालाखाली, पियानोच्या पट्ट्यांवर. जूनचा उकाडा, त्यात आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांवर गोधड्या ठोकलेल्या, तरी गड्याने अंगातला कोट उतरवला नव्हता.

"रुमाल राहू दे, साहेब. आमच्याकडे असंच वाजवतात."

आता हे काही खोटं नव्हतं. शिकागोच्या साउथ साइड वस्तीत शनिवारच्या पार्टीत जो तो पियानोवाला आपला डावा हात जपतो. उजव्या हाताची नक्कल कुणीही करील. पण खालच्या सुरांची ती गडगडती चाल, जिच्यावर अख्खी खोली नाचते, ती डाव्या हातात असते. ती चोरीला गेली की माणूस संपलाच! म्हणून कुणी पाठ वळवून बसतं, कुणी हॅट आडवी ठेवतं. ओडेल रुमाल टाकायचा. आणि त्या रुमालाखाली काय चालतं हे बघायला सगळ्यांत जास्त कोण टपलेलं? लॉन्झो बीचम. तोच लॉन्झो आत्ता समोरच्या बाकावर पाय पसरून बसला होता. ओडेलचं बिनसलं तर पुढचा नंबर त्याचा.

"काढ की रे! नव्या नवरीसारखा काय हात झाकून बसलायस!"

ओडेलच्या बायकोने, ल्यूडीने, नवऱ्याच्या ओठांत सिगारेट दिली. काडीही तिनेच ओढली.

"वा वहिनी!" लॉन्झो हसला. "गॅरी गावच्या पोलाद कारखान्यात दोन महिने काय राहून आला, लाटसाहेबच झाला की हा! आल्यापासून एकाही पार्टीत वाजवलं नाही. आता काडीसुद्धा ओढवत नाही!"

"हात मेणासाठी राखून ठेवलाय त्यांनी," ल्यूडी म्हणाली. "तू तुझं तोंड राखून ठेव."

केसलरसाहेबांनी उबदार कपाटातून तिसरी तबकडी काढली. "तुझ्या वाट्याचं हे शेवटचं. मार्चमध्ये तुला पत्र पाठवलं ते त्या डाव्या हातासाठी. रुमाल काढून वाजव, नाहीतर ऊठ. तो बाकावरचा बसेल."

ओडेलच्या कानामागून घामाचा एक थेंब कॉलरमध्ये उतरला. त्याने बायकोकडे पाहिलं. हे मेण गेलं की सगळंच गेलं, हे दोघांनाही माहीत होतं.

ल्यूडी उठली. "रुमाल निघेल. पण लॉन्झो, तू भिंतीकडे तोंड कर. आणि साहेब, तुम्ही तुमच्या मेणाकडे बघा. तुम्हाला कान लागतात ना? मग डोळे कशाला?"

मेण गार होत चाललं होतं, आणि गार मेणावर सुई नीट चालत नाही. "वळ रे!" साहेब ओरडले आणि काचेमागे गेले. शिक्षा झालेल्या पोरासारखा लॉन्झो भिंतीकडे वळला.

ल्यूडीने रुमाल उचलला आणि स्वतःचे डोळे घट्ट मिटून घेतले.

लाल दिवा लागला.

उजवा हात पळत सुटला. डावा त्याच्यामागे निघाला आणि अडखळला. सगळ्यांत खालचा, करंगळीने वाजवायचा सूर उशिरा आला. किंचितच. ल्यूडीची नखं तळव्यात रुतली. पुढच्या वेळीही उशीर. त्याच्या पुढच्या वेळीही. पण दर वेळी अगदी तेवढाच! कुणी लंगडा माणूस जिना धावत उतरतोय आणि आता पडेल, आता पडेल म्हणताना पडतच नाही, असं काहीतरी. भिंतीकडे तोंड केलेल्या लॉन्झोचा पाय ताल धरायला लागला. त्याने गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला.

तीन मिनिटं. दिवा विझला.

केसलरसाहेब बाहेर आले तेव्हा ओडेलचा डावा हात कोटाच्या खिशात होता.

"हे काय होतं?" ते हळूच म्हणाले. मग पेन्सिल काढली. "नाव काय लिहू?"

"लंगडा जिना," ओडेल म्हणाला.

सप्टेंबरात रेकॉर्ड बाजारात आली. लॉन्झोने पहिल्याच दिवशी घेतली. रेकॉर्डवर बोट टेकवून, फिरणं हळू करून, चाळीस-चाळीस वेळा ऐकली. स्वतः वाजवायला बसला की खालचा सूर मेला वेळेवरच यायचा. मुद्दाम थांबवला तर सोंग वाटायचं. ओडेल शनिवारी पार्टीत वाजवायचा, पण तिथे रुमाल होताच.

शेवटी एका रविवारी लॉन्झो हॅट हातात घेऊन ओडेलच्या स्वयंपाकघरात उभा राहिला.

"हरलो, गड्या. शिकव मला. कुठून आणलंस ते लंगडणं?"

ओडेलने कॉफीचा कप खाली ठेवला. ल्यूडीने मानेनेच हो म्हटलं. तेव्हा त्याने डावा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. अंगठा. त्याच्या शेजारची दोन बोटं. पुढे नुसती गुळगुळीत, गुलाबी कातडी.

"गॅरीहून," तो म्हणाला.

 लॉन्झो खुर्ची ओढून बसला. आपला डावा हात त्याने त्या हाताशेजारी ठेवला आणि शेवटची दोन बोटं हळूच आत मुडपली.